शिक्क्यामागील सत्य

दरवर्षी जून-जुलै उजाडला की महाराष्ट्रातील हजारो घरांत एकाच विषयाची चर्चा सुरू होते. सीईटीचे गुण हाती आलेले असतात, कॅप फेरीचे पर्याय भरायचे असतात आणि वाशीम-हिंगोलीकडचा एखादा बाप मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन पुण्याच्या, नागपूरच्या अथवा संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे उंबरठे झिजवीत असतो. त्याच्या हाती गुळगुळीत कागदावरचे रंगीत माहितीपत्रक पडते. त्यावर एकाखाली एक बिरुदे छापलेली असतात : एआयसीटीई मान्यताप्राप्त, विद्यापीठाशी संलग्न, 'नॅक'ची श्रेणी, 'एनबीए'चे मानांकन. बाप प्रवेश समितीच्या मेजापाशी बसलेल्या प्राध्यापकांना विचारतो, "साहेब, म्हणजे कॉलेज चांगलं आहे ना?" उत्तर अर्थातच होकारार्थी येते. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि मुलाचे उमेदीचे वय त्या होकारावर विसंबून खर्ची पडते. तो होकार कितपत खरा असतो, हा आजचा प्रश्न आहे. तो केवळ शिक्षणक्षेत्रातील तज्ज्ञांचा नाही. देशाचे पूल, धरणे, वीजकेंद्रे आणि संगणकप्रणाली ज्यांच्या हाती सोपवायची, त्यांच्या घडणीचा तो प्रश्न आहे.

प्रथम या बिरुदांचा अर्थ समजून घेतला पाहिजे, कारण गोंधळाचा प्रारंभ तेथूनच होतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद मान्यता देते, म्हणजे जागा, इमारत, प्रयोगशाळा आणि शिक्षकसंख्येचे किमान निकष पाहून अभ्यासक्रम चालविण्यास अनुमती देते. विद्यापीठ संलग्नता देते, म्हणजे त्याचा अभ्यासक्रम, त्याची परीक्षा आणि त्याचीच पदवी. 'नॅक' संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते. आणि 'एनबीए', म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, संस्थेचे नव्हे तर एकेका अभ्यासक्रमाचे मूल्यांकन करते. यंत्र अभियांत्रिकीला मानांकन असले म्हणजे त्याच महाविद्यालयातील विद्युत अभियांत्रिकीला ते आपोआप लाभत नाही. शिवाय ज्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या नाहीत, त्याला या मानांकनासाठी अर्जही करता येत नाही. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सच्या नावाने ज्या नव्या शाखा उघडल्या गेल्या, त्यांच्या पहिल्या तुकड्यांनी शिक्का पाहून नव्हे, तर विश्वासावर प्रवेश घेतला. पत्रकावरचे मानांकन शेजारच्या जुन्या शाखेचे असते आणि गर्दी नव्या शाखेच्या दारी असते. २०२४-२५ पासून परिषदेने शाखेतील प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादाही उठविली. त्यामुळे हा विसंगतीचा मामला अधिकच गंभीर झाला आहे.

महाराष्ट्राला या विषयाचा विशेष इतिहास आहे. पुण्यात १८५४ मध्ये स्थापत्याचे वर्ग सुरू झाले, त्यातूनच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यातच अभियंता झाले आणि पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची, सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे. शतकाहून अधिक काळ ही मोजकीच विद्यालये होती आणि त्यांच्या पदवीला निराळ्या प्रमाणपत्राची आवश्यकता कोणास वाटली नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची मुभा दिली आणि चित्र पालटले. त्या निर्णयाला आज सरसकट दूषणे देणे अन्यायाचे ठरेल. कर्नाटकात देणगी भरून शिकायला जाणारी मराठी मुले आपल्याच राज्यात शिकू लागली. तालुक्याच्या गावातील पहिल्या पिढीचा अभियंता त्या धोरणानेच घडविला. पुढे पुणे आणि परिसरात संगणक उद्योग बहरला, त्याला लागणारे मनुष्यबळही याच महाविद्यालयांनी पुरविले. परंतु संख्या वाढते तेव्हा कसोटीही कठोर व्हावी लागते. १९८७ च्या कायद्याने तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले आणि त्याच कायद्यातील तरतुदीनुसार १९९४ मध्ये 'एनबीए' अस्तित्वात आले. २०१० मध्ये ते परिषदेपासून विलग होऊन स्वायत्त झाले. परवानगी देणारा आणि पारख करणारा एकच नसावा, हे तत्त्व त्यामागे होते आणि ते योग्यच होते.

या मूल्यांकनाची मूळ कल्पना उत्तम आहे, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. पूर्वी तपासणी म्हणजे मोजणी असे. वर्ग किती, ग्रंथ किती, यंत्रे किती? नव्या पद्धतीने प्रश्नच बदलला. विद्यार्थ्याला काय शिकविले यापेक्षा चार वर्षांनंतर त्याला काय करता येते, हा प्रश्न मध्यभागी आला. स्थापत्य विभागात काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहण्याचे यंत्र आहे की नाही, हे पाहून भागत नाही. हाती आलेली वाळू आणि खडी पाहून मिश्रणाचे प्रमाण विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो काय, ठोकळा अपेक्षेपेक्षा लवकर फुटला तर त्याचे कारण शोधू शकतो काय, आणि ठेकेदाराने दडपण आणले तरी खोट्या अहवालावर स्वाक्षरी करावयाचे नाकारू शकतो काय, हे पाहावयाचे. व्यावसायिक नीती, पर्यावरणाची जाण, संघभावना आणि आजीवन अध्ययन या गोष्टी पदवीधराच्या अपेक्षित गुणांत समाविष्ट झाल्या. ज्ञानाबरोबर शील हवे, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. त्यालाच येथे निकषाचे रूप मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रक्रियाही वरवरची नाही. संस्थेने प्रथम स्वयंमूल्यांकन अहवाल लिहावयाचा, मग बाहेरून आलेल्या समितीने दोन-तीन दिवस राहून तो पडताळावयाचा. संलग्न महाविद्यालयांसाठी २०१५ मध्ये जो आराखडा आला, त्यात दहा निकषांना मिळून १००० गुण होते. त्यांपैकी शिक्षकवर्गाला २००, विद्यार्थ्यांच्या कामगिरीला १५०, तर सोयीसुविधांना केवळ ८०. इमारतीपेक्षा माणसे मोलाची, हा त्या गुणविभागणीचा संदेश होता. चांगली कामगिरी असेल तर सहा वर्षांचे मानांकन, उणिवा असतील पण सुधारणेला वाव असेल तर तीन वर्षांचे, अन्यथा नकार.

मग बिघडले कोठे? पारख करण्याची वस्तू विद्यार्थी होती, तिच्या जागी कागद आला, तेथे बिघडले. आमच्या परिचयाच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी समिती येण्याच्या आधीच्या दोन महिन्यांचे वर्णन ऐकविले, ते मासलेवाईक आहे. त्या काळात शिकविणे जवळजवळ थांबते. शिक्षक रात्री नऊ-नऊपर्यंत थांबून मागील तीन वर्षांच्या फायली 'तयार' करतात. न झालेल्या पालकसभांची इतिवृत्ते लिहिली जातात. माजी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचे अर्ज एकाच शाईत भरले जातात. प्रत्येक विषयाच्या प्रत्येक उद्दिष्टाची पूर्ती दोन दशांश स्थळांपर्यंत काढली जाते, कोठे २.४३, कोठे २.६१. हे आकडे ज्या उत्तरपत्रिकांवरून काढावयाचे, त्या काढणाऱ्याने कधी पाहिलेल्याही नसतात. भिंतींना रंग लागतो, बंद पडलेली यंत्रे पुसून ठेवली जातात, भगिनी संस्थेतील अध्यापक तीन दिवसांपुरते हजेरीपटावर येतात आणि विद्यार्थ्यांना समितीपुढे काय बोलावे याची तालीम दिली जाते. "आम्ही विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी शिकवितो की अभिनय, हेच कळेनासे झाले आहे," असे ते विषादाने म्हणाले.

या तालमीतून विद्यार्थी जे शिकतो ते अत्यंत घातक आहे. वीस वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यांदेखत त्याचे गुरुजन खोटी कागदपत्रे रचतात आणि त्याबद्दल संस्थेला प्रमाणपत्र मिळते, तेव्हा त्याच प्रमाणपत्राच्या यादीतील 'व्यावसायिक नीती' या शब्दांचा अर्थ त्याला पुरता उमगलेला असतो. पुढे तो बांधकामावरील मोजमापवहीत न टाकलेल्या सिमेंटच्या पोत्यांची नोंद करू लागला, तर दोष कोणास द्यावा?

अर्थात या ठिकाणी सर्वांना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. महाराष्ट्रात अनेक संस्थांनी मूल्यांकनाच्या निमित्ताने खरोखर आत्मपरीक्षण केले आहे, प्रयोगशाळा सुधारल्या आहेत, उद्योगांशी नाते जोडले आहे. शिक्षकांनाही सरसकट दोषी धरता येत नाही. अनेक खाजगी संस्थांत अध्यापकांना कंत्राटावर नेमले जाते, वेतन महिनोन् महिने थकते, आणि हाती येणारे वेतन कागदावरच्या वेतनापेक्षा कमी असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे कानी येतात. ज्याची नोकरीच टांगणीला लागलेली आहे, त्याने व्यवस्थापनाला नकार द्यावा, अशी अपेक्षा सुखवस्तू माणसानेच करावी. शिवाय संलग्न महाविद्यालयाची आणखी एक अडचण आहे. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरविते, परीक्षा विद्यापीठ घेते आणि त्या दोहोंच्या फलिताचा जाब मात्र महाविद्यालयाला द्यावा लागतो.

परीक्षकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पारख करणारे आणि ज्यांची पारख व्हावयाची ते, बहुधा एकाच वर्तुळातील असतात. आज जो परीक्षक म्हणून येतो, त्याच्या संस्थेत उद्या यजमान परीक्षक म्हणून जाऊ शकतो. अशा व्यवहारात परस्परांना सांभाळून घेण्याचा मोह स्वाभाविक असतो. या मोहाचे टोक कोठे जाते, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाने पाहिले. आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने 'नॅक'च्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह अनेकांना अटक केली. प्रकरण 'नॅक'चे होते, 'एनबीए'चे नव्हे, आणि आरोपांचा निवाडा न्यायालयच करील. परंतु ज्यांच्या स्वाक्षरीवर समाजाने विश्वास ठेवावयाचा, त्यांच्यावर असा आरोप यावा, हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची?

कोणी म्हणेल, प्रमाणपत्राचा एवढा बाऊ कशाला? खरा हिरा आपल्या तेजाने चमकतोच. या भाबड्या समजुतीला २०१८ मध्ये कुवैतने चांगलाच धक्का दिला. तेथील शासनाने परदेशी अभियंत्यांच्या वास्तव्य परवान्याच्या नूतनीकरणासाठी कुवैतच्या अभियंता संघटनेचे ना-हरकत पत्र सक्तीचे केले आणि भारतीयांच्या बाबतीत त्या संघटनेने 'एनबीए' मानांकित अभ्यासक्रमाची पदवी ही अट लावली. वर्षानुवर्षे तेथील तेलप्रकल्पांवर आणि बांधकामांवर राबलेले हजारो भारतीय अभियंते एका रात्रीत संशयित ठरले. अनेकांनी पदवी घेतली तेव्हा हे मंडळ जन्मालाही आलेले नव्हते. ज्यांनी असे मानांकन कधी मागितलेच नव्हते, अशा नामवंत राष्ट्रीय संस्थांचे पदवीधरही या चरकात सापडले. सुषमा स्वराज तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या. भारत शासनाला हा प्रश्न कुवैतपुढे मांडावा लागला. अट अन्यायाची होती यात शंका नाही. तथापि तिच्यातून एक धडा मिळाला. आपल्या पदवीची पत आपण घरी नीट राखली नाही, तर ती परक्याच्या दारी मोजली जाते, आणि तो आपल्या सोयीने मोजतो.

हाच धडा वॉशिंग्टन कराराच्या संदर्भातही ध्यानी घ्यावा लागेल. १९८९ मध्ये सहा इंग्रजीभाषी देशांच्या संघटनांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानण्याचा करार केला. भारताला २००७ मध्ये त्याचे तात्पुरते सदस्यत्व मिळाले आणि १३ जून २०१४ रोजी आपण पूर्ण सदस्य झालो. ही गौरवाची गोष्ट आहे. परंतु तिचा जो अर्थ माहितीपत्रकांतून लावला जातो, तो निखालस चुकीचा आहे. हा करार परदेशी नोकरी देत नाही, प्रवेशपत्र देत नाही, व्यवसायाचा परवानाही देत नाही. तो केवळ शैक्षणिक समकक्षता मानतो, आणि तीही प्रत्येक मानांकित पदवीची नव्हे. 'एनबीए'ने संस्थांची दोन गटांत विभागणी केली आहे. विद्यापीठे व स्वायत्त संस्था पहिल्या गटात, संलग्न महाविद्यालये दुसऱ्या गटात. कराराचा लाभ केवळ पहिल्या गटातील मानांकित अभ्यासक्रमांना मिळतो. दुसऱ्या गटातील महाविद्यालयाने आपल्या पत्रकावर वॉशिंग्टनचे नाव छापणे ही शुद्ध दिशाभूल आहे. पालकांनी हा एक प्रश्न तरी ठणकावून विचारला पाहिजे : मानांकन कोणत्या शाखेला, कोणत्या गटात आणि कोणत्या वर्षापर्यंत?

आमच्याच विचारवर्तुळातील काही मंडळी याच्या उलट टोकाला जातात. हे सारे मापदंड पाश्चात्त्यांनी घडविलेले आहेत, आपण त्यांच्या पंक्तीला का बसावे, असा त्यांचा आक्षेप असतो. त्यामागील स्वाभिमानाची भावना आम्ही समजू शकतो, पण निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. कसोटी ही काही परक्यांकडून आलेली वस्तू नाही. नालंदेच्या प्रवेशद्वारावर द्वारपंडित प्रश्न विचारीत आणि बहुसंख्य इच्छुक तेथूनच परतत, असे ह्यूएनत्संगाने सातव्या शतकात लिहून ठेवले आहे. त्या द्वारपंडिताने इमारतीचे क्षेत्रफळ मोजले नाही, त्याने माणसाला प्रश्न विचारला. स्वदेशी याचा अर्थ सैल माप असा कधीच नव्हता. परक्याने लावलेल्या मापापेक्षा आपले माप अधिक कठोर असावे, हीच स्वदेशीची खरी कसोटी आहे.

याच दृष्टीने आणखी एका प्रयोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली आणि पुण्यात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला. या अभ्यासक्रमाची पारख कोणत्या भाषेत होणार? त्याचा अहवाल इंग्रजीत, मुलाखती इंग्रजीत आणि परीक्षक मराठी न जाणणारे, असे झाले तर विषयाचे आकलन तपासले जाणार नाही, इंग्रजीचे तपासले जाईल. मातृभाषेतून शिकलेला विद्यार्थी उणा नाही, हे सिद्ध करण्याची उत्तम संधी मूल्यांकनात आहे. ती अहवालाच्या भाषेपायी वाया जाऊ नये.

मग करावे काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने नियमन, अधिस्वीकृती, वित्तपुरवठा आणि मानकनिश्चिती ही कार्ये परस्परांपासून स्वतंत्र असावीत असे म्हटले आहे. 'इस्रो'चे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने मूल्यांकनपद्धतीत आमूलाग्र बदल सुचविले, श्रेणींची चढाओढ थांबवून 'मानांकित' किंवा 'अमानांकित' एवढाच निवाडा करावा आणि संस्थांची माहिती एकाच ठिकाणी एकदाच घ्यावी, अशी दिशा दाखविली. दिशा स्वागतार्ह आहे. मात्र एक सावधगिरी हवी. फायलीतले असत्य संगणकात भरले म्हणून सत्य होत नाही. तेव्हा माहितीची पडताळणी स्वतंत्र स्रोतांतून झाली पाहिजे. अध्यापक खरोखर नेमलेला आहे काय, हे हजेरीपटावरून ठरवू नये. त्याच्या बँकखात्यात जमा होणाऱ्या वेतनावरून आणि त्यावरील करकपातीवरून ते ठरवावे. एवढ्या एका उपायाने भाड्याच्या अध्यापकांची निम्मी तरी वरात थांबेल.

दुसरे, समितीच्या भेटीचा बराचसा वेळ फायलींऐवजी विद्यार्थ्यांत जावा. शेवटच्या वर्षाच्या यादीतून आयत्या वेळी दहा-पंधरा नावे काढावीत आणि त्यांना प्रयोगशाळेत एखादे साधे काम सांगावे. विद्युत अभियंत्याने मोटारीची जोडणी करून दाखवावी, यंत्र अभियंत्याने आरेखन वाचून दाखवावे, संगणक अभियंत्याने कागदावर छोटी आज्ञावली लिहावी. दोन तासांत जे कळेल ते दोनशे फायलींतून कळणार नाही. तिसरे, समितीचा संपूर्ण अहवाल, त्यातील उणिवांसह, सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा. आज पालकांना केवळ निकाल समजतो, निकालामागील कारणे समजत नाहीत. लोकांसमोर जाणारा अहवाल लिहिताना परीक्षकाचीही लेखणी सावध होते. चौथे, प्रामाणिकपणे आपल्या उणिवा मांडणाऱ्या लहान गावातील महाविद्यालयाला नकाराचा शिक्का मारून वाऱ्यावर सोडू नये. जवळच्या जुन्या, समर्थ संस्थेकडे काही काळ त्याचे पालकत्व द्यावे. जो खरे सांगतो तो बुडतो, असा अनुभव एकदा आला की पुढल्या खेपेस कोणी खरे सांगत नाही.

पाचवी गोष्ट राज्य शासनाच्या अखत्यारीतील आहे. महाराष्ट्र शासन विविध योजनांतून लक्षावधी विद्यार्थ्यांच्या शुल्काचा भार उचलते. ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क २०२४ पासून शासनच भरते. हे पाऊल अभिनंदनीय आहे आणि ते मागे घेण्याचा विचारही कोणी करू नये. पण जनतेचा पैसा ज्या अभ्यासक्रमात जातो, तेथे मुलीच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य शासनाचे आहे. फुकट मिळालेले निकृष्ट शिक्षण हे फुकट नसते. त्याची किंमत ती मुलगी आपल्या आयुष्यातील चार वर्षांनी चुकविते.

शेवटी, कोणतेही मंडळ, कोणतीही समिती आणि कोणताही आराखडा समाजाच्या सजगतेची जागा घेऊ शकत नाही. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाशी नाते केवळ स्नेहसंमेलनापुरते ठेवू नये. ज्या प्रयोगशाळेत आपण शिकलो ती आज चालते काय, हे वर्षातून एकदा जाऊन पाहावे. उद्योजकांनी परीक्षक होण्यासाठी आपले दोन-तीन दिवस द्यावेत. आणि ज्या अध्यापकांना खोट्या फायलींची शिसारी येते, त्यांच्या पाठीशी समाजाने उभे राहावे, कारण ते एकटे पडतात म्हणूनच वाकतात.

पुढील वर्षी तो वाशीमकडचा बाप पुन्हा त्याच मेजापाशी येईल आणि तोच प्रश्न विचारील. त्याला उत्तर देणाऱ्या प्राध्यापकाची मान खाली न जाता "हो" म्हणता यावे, एवढेच या साऱ्या मूल्यांकनाचे प्रयोजन आहे. ते साधले तर शिक्का हवा तो असो. ते साधले नाही, तर कितीही वरच्या श्रेणीचा शिक्का हा त्या बापाशी केलेला विश्वासघातच ठरेल.